भुईआवळीचा खल

मित्रांनो, त्या दुपारी रामजी हॉस्पिटलातून एकटेच घरी आले. दारात शेजारची चंपा उभी होती. ते तिला म्हणाले, "मीरा गेली." मग ओट्याशी आले आणि माझ्याजवळची भुईआवळीची जुडी हातात घेऊन तसेच उभे राहिले. पानं अजून ओली होती.

मी एक जुना दगडी खल आहे. लग्नानंतर मीराबाईंबरोबर मी रामजींच्या घरी, नायगावच्या एका चाळीत आलो. चाळीच्या कडेने भुईआवळी उगवायची, पानाखाली मोहरीएवढी फळं धरायची. कुणाला कावीळ झाली की मीराबाई ती माझ्यात ठेचायच्या आणि रस फडक्यातून गाळून ताकात द्यायच्या. पण आधी त्याचे डोळे बघायच्या, लघवीचा रंग विचारायच्या आणि दटावायच्या, "रक्त तपासून ये, मग रस."

चंपाचा नवरा दारू प्यायचा. ती म्हणायची, "रात्री त्याची बाटली, सकाळी तुझा रस. लिव्हरने कुणाचं ऐकायचं गं?" दोघी हसायच्या. मला मात्र माझा अभिमान वाटायचा.

पुढे चाळ पाडली. आम्ही टॉवरमध्ये आलो, चंपाही शेजारीच आली. घरात मिक्सर आला आणि मी सिंकखाली गेलो. तिथे बरीच वर्षं कोरडा पडून होतो.

गेल्या वर्षी मीराबाईंना टीबी झाला. डॉक्टरांनी गोळ्या देताना बजावलं होतं, या गोळ्या लिव्हरला त्रास देऊ शकतात. उलट्या झाल्या तर लगेच या, रक्त तपासू. मीराबाईंनी घरी येऊन मला बाहेर काढलं. वडाळ्याच्या मोकळ्या जागेतून भुईआवळी आणली आणि रोज सकाळी रस घेऊ लागल्या. डॉक्टरांना त्याबद्दल कुणी सांगितलं नाही. मला पुन्हा काम मिळालं होतं. मी खूश होतो, मित्रांनो. आज त्याचंच वाईट वाटतं.

मग त्यांचं जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या. लघवी गडद होऊ लागली. रामजी म्हणाले, "चल, रक्त तपासून येऊ."

"अहो, या गोळ्यांनी लघवी लालच होते. अर्ध्या चाळीची कावीळ मी ओळखली, मला शिकवता? आणि रस चालू आहे ना."

रामजींनी पायातली चप्पल काढून ठेवली. त्यांचाही माझ्यावर भरवसा होता. डोळे पिवळे झाले तेव्हा धावपळ झाली, पण फार उशीर झाला होता.

वनस्पतीत गुण असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी दगड आहे, मला माणसाच्या आतलं दिसत नाही. घरात कुणी असा रस घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि ते म्हणतील ती तपासणी करून घ्या.

रामजींनी मला धुऊन खिडकीत पालथा ठेवला आहे. मीराबाई सगळ्यांना सांगायच्या ते एक काम, रक्त तपासून येण्याचं, त्यांचं स्वतःचं राहून गेलं.