पियानो वाढवा म्हटलं की गिटार वाढायची

आता हे कोणी खरं मानणार नाही. नका मानू. खऱ्याला कोणाच्या मानण्याची गरज नसते, ते आपलं घडून मोकळं होतं. पण एका बाईच्या रागानं भरल्या हॉलात विजेवर चालणारी गिटार मुकी झाली, हे या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि या डोळ्यांना तेव्हा चष्माही नव्हता.

त्या घराचा रॉक बँड होता. थोरला भाऊ ड्रम वाजवायचा. धाकटा गिटार वाजवायचा आणि गायचा. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, पियानोवर. बेस वाजवायला शेजारचा एक जण होता. तो इतका गरीब स्वभावाचा की या गोष्टीतही तो एकदाही तोंड उघडणार नाही.

बँडचं एकूण एक गाणं वहिनीच्या पियानोवर जन्मलेलं. बाहेरच्या खोलीत ती सूर शोधायची, धाकटा शेजारी मांडी घालून शब्द बसवायचा, आणि तिथं पियानो कसा घंटेसारखा वाजायचा! पण तेच गाणं स्टेजवर गेलं की बाळ कडेवर घेऊन धाकटा मिरवायचा नि आईला कोणी ओळखायचंच नाही.

कारण धाकट्याचा अँप, म्हणजे गिटारीचा आवाज फुगवणारा खोका. कपाटाएवढा, आणि ठेवलेला नेमका पियानोच्या शेजारी. तो सुरू झाला की पहिल्या रांगेतल्या लोकांची आतडी जागा बदलायची. एका गृहस्थाचा अडकलेला मुतखडा म्हणे दुसऱ्याच गाण्याला पडला. तेव्हापासून तो दर कार्यक्रमाला नात्यातले रुग्ण घेऊन यायचा.

वहिनीचा पियानो मात्र खरा, लाकडाचा, आत तारांवर हातोड्या पडणारा. त्याच्या पोटात एक माइक लोंबता सोडलेला. आता माइकला बिचाऱ्याला काय कळतंय, घरचं कोण नि शेजारचं कोण! जो मोठ्यानं बोलेल त्याचं तो ऐकायचा. पियानोच्या पोटात बसून तो दिवसभर गिटार ऐकायचा.

त्या दिवशी दुपारी रिकाम्या हॉलात आवाजाची जुळवाजुळव चालली होती. वहिनी साउंडवाल्याला ओरडली, "दादा, पियानो वाढवा जरा!"

हॉलच्या दुसऱ्या टोकाला साउंडवाल्यानं बटण वर सरकवलं. गिटार वाढली.

"अहो, पियानो!"

त्यानं आणखी सरकवलं. गिटार आणखी वाढली.

"ताई, पियानोच वाढवतोय मी. पण तुमच्या माइकात तुमच्या दिराचं राज्य आहे. तुम्हाला उचलायला जावं तर ते आधी कडेवर येऊन बसतात."

"मग गिटार कमी करा."

"माझ्याकडे ती शून्यावर आहे. हे सगळं थेट त्यांच्या अँपातून येतंय. घरातलं भांडण घरात मिटवा, मला कशाला मध्ये घेता?"

वहिनी वळली. "भाऊजी, अँप खाली घ्या."

"खाली घेतला की त्याचा दम जातो, वहिनी. अँप म्हणजे काय कुकर आहे, शिट्टी झाली की गॅस बारीक करायला?"

"आणि मी काय इथं शोभेला बसलेय?"

"असं कसं? तू मागे असलीस की आधार वाटतो गं."

"आधार खांबाचा असतो. मी वाजवते."

धाकटा हसला. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याची जीभही त्याच्या अँपासारखी, खाली येत नसे. तो म्हणाला, "खरं सांगू का? हे धूड उचलून उचलून आमच्या कमरा गेल्या. आजचा कार्यक्रम होऊ दे, मग पियानो घरीच राहू दे. नाहीतरी ऐकू कोणाला येतो?"

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ड्रमचं कातडं ताणत होता. कातडं फार महत्त्वाचं असल्यासारखा तो त्याच्याकडेच बघत राहिला. दोन्हीकडून मार खायची सवय ड्रमला होती, ड्रमवाल्याला नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काही बोलली नाही, आणि बोलणारी बाई गप्प झाली की शहाण्यानं चपला शोधाव्यात. त्या घरात शहाणं कोण होतं?

संध्याकाळी हॉल तुडुंब भरला. दोन गाणी झाली. तिसऱ्या गाण्याला वहिनीनं सरळ हात उचलले आणि मांडीवर ठेवले. अख्खं गाणं ती तशीच बसून राहिली, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी. साउंडवाल्यानं मान वर केली नाही. धाकट्यानं मागे वळून पाहिलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि नवरा ड्रममागून वाकून, घाम पुसत, कौतुकानं म्हणाला, "आज काय हात लागलाय तुझा! एकदम दमदार!"

वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की फ्रीजमधलं दूध नासलं असतं.

"पुढचं कुठलं?" तिनं विचारलं.

"तुझंच की. शेवटचं."

त्या गाण्याच्या मध्यावर एक जागा होती, एकट्या पियानोची. बसवतानाच ठरलं होतं, तिथं सगळ्यांनी थांबायचं. ड्रम थांबायचा. धाकटा आजवर कधी थांबला नव्हता. रिकामी जागा दिसली की पाय पसरायचे, हा त्याचा जन्मजात स्वभाव. आजही जागा आली, ड्रम थांबला, आणि धाकट्यानं डोळे मिटून, मान मागे टाकून पाय पसरले.

आणि मंडळी, मग वहिनीचा राग पियानोत उतरला. पहिल्याच तडाख्याला पियानोचं झाकण उडून छताला चिकटलं. दुसऱ्याला गिटारीची जाड तार शरमेनं तुटली, मग तिच्या मागची, मग सगळ्या, टण् टण् टण्. अँपानं एक उचकी दिली नि मान टाकली. बाहेर उभ्या गाड्यांचे हॉर्न वहिनीच्या सुरात वाजायला लागले. साउंडवाला बटणांवरचे हात काढून उभाच राहिला. धाकटा मुकी गिटार खाजवत होता आणि समोर पियानो, एकटा पियानो, शेवटच्या रांगेपर्यंत! इतकी वर्षं गिळलेलं एकेक उत्तर ती पट्ट्यांवर आपटत होती, आणि ते लोकांना शब्दासारखं स्पष्ट कळत होतं. लोक खुर्च्यांवर चढले. या गाण्यात असलं काही दडलंय हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्या दिवसापासून पियानो घरी ठेवायचं नाव कोणी काढलं नाही. आणि हे सगळं कशानं? नुसत्या रागानं! कोणी कशाला बोटसुद्धा लावलं नाही.

माझी ही गोष्ट ऐकायला खुद्द धाकटाही बसला होता. त्याला आता राहवेना. तो ताडकन उठला.

"खोटं! साफ खोटं! माझी एकही तार तुटली नव्हती. वहिनीचा पाय अडकला आणि अँपाची वायर निघाली. चुकून! एवढंच झालं होतं."

त्याच्या शेजारच्या खुर्चीतून वहिनी म्हणाली, "पाय कुठला, भाऊजी? चांगली उठून आले आणि दोन्ही हातांनी उपटली."