भिंतीपलीकडे दिलेली टॅबिथा

मी एक जुनी प्रिमरोझ आहे, एक छोटं विलायती फुलझाड. किती जुनी, ते विचारू नका, मित्रांनो. माझ्या बुंध्याशी पिल्लं फुटतात, केळीला फुटतात तशी, आणि प्रत्येक पिल्लू म्हणजे मीच. त्यामुळे मी एकाच वेळी चार कुंड्यांत राहू शकते.

रानातल्या माझ्या बहिणी फिक्या पिवळ्या, साध्याभोळ्या. मी मात्र बागेतली. माझी पाकळी काळपट तांबडी आणि तिच्या कडेने सोनेरी जर! हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण खरं आहे. इंग्लंडातल्या मिडलटनजवळच्या एनक नावाच्या विणकराने बियांपासून तीनशे रोपं केली, दोनशे नव्याण्णव उपटून टाकली आणि मला ठेवलं. त्याची बायको टॅबिथा. तिचंच नाव त्याने मला दिलं.

काय माणूस होता! माग खिडकीशी आणि खिडकीत मी. दहा वेळा धोटा फेकला की एकदा माझ्याकडे बघायचा. गार पडलं तर स्वतःचा कोट मला घालायचा. टॅबिथा म्हणायची, "मला ताप आला तेव्हा घोंगडीसुद्धा दिली नव्हतीस रे!"

दर वसंतात गावच्या खाणावळीत फुलांची स्पर्धा भरे. बक्षीस तांब्याची किटली. ती आधी महिनाभर दारावर टांगलेली असायची आणि एनक येता-जाता तिच्याकडे बघायचा. आदल्या वर्षी ती शेजारच्या रूबेनने नेली होती, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. "माझं एक पानसुद्धा त्या किटलीचोराला मिळणार नाही," एनक म्हणायचा. मी अजून एकाही स्पर्धेत गेले नव्हते. तीन कुंड्या, तिन्ही त्याच्या.

आणि मग लोभ नडला. फूल मोठं व्हावं म्हणून त्याने हंसाची विष्ठा बैलाच्या रक्तात कुजवली आणि हिवाळाभर मला पाजली. शी! माझी मुळं सडली. फेब्रुवारीत तिन्ही कुंड्यांत काळा चिखल उरला. एनक मागावर नुसता बसून राहिला. त्याच्या हातून धोटा सुटेना.

"आता ओरडायचं तर ओरड," टॅबिथा म्हणाली. "शरदात तू कापड पोचवायला गेलास, तेव्हा एक पिल्लू मी भिंतीवरून रूबेनला दिलं."

"त्याला? त्याला दिलंस?"

"रोज भिंतीपाशी उभा राहून बघायचा बिचारा. मला नाही बघवलं. आता जा, माग त्याच्याकडे."

एनक गेला नाही. अभिमान आडवा आला. माझा जीव मात्र टांगणीला लागला, कारण आता मी जगात एवढी एकच होते आणि वैऱ्याच्या घरी. रूबेनने मला कुजल्या पानांच्या साध्या मातीत ठेवलं, कमी पाणी दिलं. खरं सांगते, हात चांगला होता त्याचा.

स्पर्धेच्या दिवशी त्याने मला मेजावर मांडलं. परीक्षकाने वाकून पाहिलं. मध्ये टाचणीसारखी दांडी दिसली की फूल बाद. माझी दिसत नव्हती. सोनेरी काठ सगळीकडे सारखा. पहिलं बक्षीस!

"नवीन फूल दिसतंय. नाव काय लिहू?" परीक्षकाने विचारलं.

एनक दाराशी पांढराफटक उभा. रूबेनने स्वतःचं नाव सांगितलं असतं, तर कोण अडवणार होतं?

"एनकची टॅबिथा, असं लिहा," रूबेन म्हणाला. "मी फक्त पाणी घातलं."

मग किटली काखेत मारून तो एनककडे आला. "किटली माझी हं. पिल्लू संध्याकाळी घेऊन जा. आणि पुन्हा तिला रक्तबिक्त पाजलंस ना, तर तुलाच पाजीन लेका!"

एनक हसायला गेला आणि रडला.

त्यानंतर दर वर्षी तो माझी पिल्लं भिंतीवरून वाटत राहिला, मागेल त्याला. पुढे गिरण्या आल्या, माग थांबले, विणकर पांगले. एनकचं अंगणही राहिलं नाही. कुलपात जपलेल्या माझ्या कितीतरी देखण्या मैत्रिणी त्यात संपल्या. मी आहे, कुठल्या कुठल्या खिडक्यांत.

म्हणून मित्रांनो, आवडतं रोप असेल तर पाणी बेताने घाला, आणि एक पिल्लू शेजाऱ्याला द्या. बोलणं बंद असेल, तर त्यालाच आधी.