वाटलेला खरवस

पहिल्या पाळीवरून घरी आले, तर म्हशीपुढं कर्दळीची पानं पडलेली. मी ती लांबूनच ओळखली. ती आमच्या प्लँटमधली कर्दळ होती.

कुरकुंभच्या एका सांडपाणी प्लँटमध्ये मी सॅम्पल घेते. तिथं टाक्यांत जनुक बदललेलं शेवाळ आहे आणि वाफ्यांत जनुक बदललेली कर्दळ. ही कर्दळ पाण्यातलं क्रोमियम ओढून पानांत साठवते. पाणी निवळतं, पानं विषारी होतात. म्हणून कापलेली कर्दळ थेट भट्टीत जाते. माझ्या सासूबाई दगडाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, तिथंच कापणीला येतात. पानांना लावलेला हात तोंडाला लावू नका, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं.

"ऐन उन्हाळ्यात हिरवा चारा जाळत्यात," आत्या म्हणाल्या. "मला न्हाई बघवत. दिवसावर आलेली म्हस दारात. रोज येक भारा आणत हुते. काय बी झालं न्हाई तिला. पाणी साफ करणारं झाड वंगाळ कसं आसंल?"

मला असा संताप आला की सासूचा मान वगैरे काही सुचलं नाही.

"आवं आत्या, पाण्यातली घाण मग गेली कुठं? पानांतच की!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हैस सकाळीच व्याली होती, आणि रिवाजाप्रमाणे आत्यांनी आळीत घरोघर खरवसासाठी चीक वाटला होता.

मी अनवाणीच धावत सुटले. दिलेला चीक परत मागायचा म्हणजे त्या घरावर थुंकल्यासारखंच. शेजारच्या मालनबाईंचा खरवस चुलीवर होता. "आमास्नी भिकारी समजलीस व्हय गं?" म्हणून त्यांनी मला नाही नाही ते ऐकवलं. तेवढ्यात मागून आत्या धापा टाकत आल्या आणि भर आळीत ओरडल्या, "माजी चूक हाय! पोरास्नी दिऊ नगा! म्या म्हशीला इख घातलंय!"

मग पातेली बाहेर आली. मी एका हातानं ती आळीच्या कडेच्या खड्ड्यात ओतत होते, दुसऱ्या हातानं प्लँटमधल्या सरांना फोन. पानांतलं क्रोमियम दुधात किती उतरतं?

"आपण ते तपासलेलंच नाही," सर म्हणाले. "आपण फक्त पाणी तपासतो."

शेवटचं घर चांगदेवमामांचं. त्यांची सून प्रांजल ओली बाळंतीण, म्हणून आत्यांनी तिला वाडगं भरून चीक दिला होता. ती उंबऱ्यात बसली होती. वाडगं रिकामं होतं आणि मांडीवर बाळ भुकेनं रडत होतं.

"ताई, म्या सगळा खाल्ला," ती म्हणाली. "आता ह्याला पाजू का नको?"

मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरला. "तेही तपासलेलं नाही," सर म्हणाले. बाळानं तिचा पदर तोंडात धरला होता. प्रांजलनं तो हळूच सोडवून घेतला.