वाचून दाखवा, मग अंगठा

दहावीची हॉल तिकिटं शनिवारी वाटली. वर्गात सगळ्यांना मिळाली, भिवराचं तेवढं हेडमास्तर साहेबराव सरांच्या ड्रॉवरात राहिलं.

कारण काय, तर एक चिठ्ठी. भिवरानं ती वर्गातल्या रत्नमालेला लिहिली होती. दीड पान. तू बोलली नाहीस की मला भाकर गोड लागत नाही, असलं काहीबाही. हीच चिठ्ठी एखाद्या पोरानं लिहिली असती, तर मास्तर लोकांनी त्याला दोन छड्या मारून स्टाफरूममध्ये हसून घेतलं असतं. पोरीनं पोरीला लिहिली, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या शाळेचं पावित्र्य बुडालं! रत्नमालेचे वडील आप्पासाहेब संस्थेच्या कमिटीवर. त्यांच्या लेकीचं तिकीट घरपोच गेलं. भिवराचा बाप मल्हारी वैजापूरकडचा धनगर, मेंढरं विकून वाळूजच्या कंपनीत माल चढवायला लागलेला. त्याच्या लेकीला विचारतो कोण?

शिपाईबाईनं विचारलं. मालनबाईनं. घंटा देणारी, माठ भरणारी ही बाई नामांतरासाठी दोनदा हर्सूलच्या जेलात जाऊन आली होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागता मागता पंधरा वर्षं गेली होती. नाव मिळालं नव्हतं, पण बाई मागून थकली नव्हती.

चिठ्ठी सरांच्या हाती लागल्यापासून भिवरा डबा उघडत नव्हती, हे मालनबाई बघत होती. मग पोरीनं आपली कंपासपेटी एकीला देऊन टाकली, भूमितीची वही दुसरीला. आपल्या वस्तू वाटत सुटलेलं माणूस मालनबाईनं अठ्ठ्याहत्तर साली एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हा ती गप्प बसली होती. आता बसणार नव्हती. मधल्या सुट्टीत तिनं भिवराला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं.

“मरायचा इचार हाय का?” तिनं सरळ विचारलं.

भिवरा आधी दचकली, मग ढसाढसा रडली. “मावशी, मी घाण हाय का?”

“कोण म्हणलं?”

“समदे म्हणतेत.”

“समदे मला बी म्हणायचे. गावात माठाला शिवू देत नव्हते. आज अख्ख्या शाळेला मीच पाणी पाजते. मेलं का कोणी?”

रडता रडता पोरीला हसू फुटलं. “मह्यावानी अजून कोणी असतंय का?”

“जेलात व्हत्या की दोघीजणी. एका ताटात जेवायच्या, पोलिसाच्या बापाला भीत नव्हत्या. आज बी मुकुंदवाडीत एका खोलीत ऱ्हातात. परीक्षा झाली की नेते तुला.”

त्या दिवसापासून रोज सुट्टीत भिवराचा डबा त्या खोलीत उघडायला लागला. घास पोटात जातो की नाही, हे मालनबाई समोर बसून बघायची. संध्याकाळी तिच्या आईला, आवडाबाईला, ती घरी जाऊन सांगून आली, “पोरीला एकटीला ठेवू नका. अन् कामं सांगू नका, अभ्यासाला बसवा.”

तिकिटं वाटून दहा दिवसांनी, मंगळवारी, साहेबराव सरांनी मल्हारीला बोलावून घेतलं. मालनबाई पाणी घेऊन आत गेली आणि तिथंच उभी राहिली.

“बसा मल्हारराव,” सर म्हणाले. एरवी ‘ए बाबा’ म्हणणारा माणूस ‘मल्हारराव’ म्हणाला, तिथंच बाईला वास आला. “यंदा मुलीला घरीच राहू द्या. हा अर्ज तयार ठेवलाय. इथं अंगठा करा.”

कंपनीत ठेकेदार दाखवेल तिथं अंगठा उठवायची मल्हारीला सवय. त्यानं हात पुढं केला. मालनबाईनं शाईची डबी उचलून कडेला घेतली.

“थांबा भाऊ. सर, वाचून दाखवा, मग अंगठा.” हे तिला जेलात एका वकिलानं शिकवलं होतं, आणि त्यापुढं तिला कुठल्या डिग्रीची गरज पडली नव्हती.

“मालनबाई, बाहेर व्हा.”

“व्हते की. आधी वाचा.”

सरांनी घसा खाकरला. “‘घरगुती अडचणीमुळे माझी मुलगी यंदा परीक्षेस बसू शकत नाही...’”

“कोणती अडचण?” मल्हारीनं विचारलं.

“तसं लिहावं लागतं.”

“आसं कसं? मह्या घरी काय अडचण नाय. अडचण तुमच्या शाळेत, अन् लिव्हता मह्या घरावर?”

सर चिडले. बापाला लाजवावं म्हणून त्यांनी चिठ्ठी काढली आणि आवाज चढवून वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

मल्हारी खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, “एवढंच? चोरी नाय, शिवीगाळ नाय. हे मला समजलं नाय गुरुजी, खरं सांगतो. पर तळ हलवताना आम्ही लंगडं मेंढरू बी मागं टाकत नाय. खांद्यावर घेतो.”

“पोरगी लंगडी नाय, मल्हारीभाऊ,” मालनबाई फाडकन बोलली. “धड हाय. तिला खांदा नको, वाट सोडा.”

मल्हारीनं तिच्याकडं बघितलं. “बरं. धड हाय.” आणि सरांकडं वळून, “अंगठा देत नाय मी.”

दारातून आवाज आला, “सर, ती चिठ्ठी मही हाय.” भिवरा वर्ग सोडून कधीची येऊन उभी होती. तिनं आत येऊन हात पुढं केला. सरांनी चिठ्ठी दिली.

“कमिटीला मी काय सांगू?” सर पुटपुटले.

“सांगा, बापानं नाय म्हणलं,” मालनबाई म्हणाली. “अन् तिकीट नाय दिलं तर ही बाई बोर्डाच्या दारात सत्याग्रहाला बसणार हाय, हे बी सांगा. मला बसायची सवय हाय.”

साहेबराव सरांनी ड्रॉवर उघडला.

बाहेर व्हरांड्यात मल्हारी तिकिटावरच्या अक्षरांकडं नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “अक्का, हिचं हे बरं व्हईल का?”

“आजार असता तर बरा झाला असता, भाऊ.”

त्याला हे पटलं का, कोण जाणे. त्यानं लेकीला विचारलं, “पयला पेपर कधी हाय?”

“गुरुवारी. मराठीचा.”

“मंग गुरुवारी खाडा करतो. येतो संगं.”

“बा, मी एकटी जाईन की!”

“तू जा ना. मी आपला फाटकाशी बसतो.”