दोन्ही चाव्या

गिरजाबाईंना घर नव्हतं. सिंदीतल्या एका देवळाच्या ओसरीत त्या राहत. १९९६ च्या चैत्रात चांदीची समई दिसेना, तेव्हा पुजाऱ्यानं भाविकांसमोर त्यांचं गाठोडं सोडलं. आत दोन लुगडी आणि वारलेल्या लेकीचं झबलं निघालं. बाईंनी ते घाईनं पदराखाली घेतलं.

दुपारी समई कोठीतच सापडली.

संध्याकाळी विश्वस्त प्रभाकरराव कुलपाची लोखंडी पेटी घेऊन आले. आरतीला जमलेल्या लोकांदेखत म्हणाले, "बाई, आमची चूक झाली. आता सामान यात ठेवत जा."

"अन् चावी कोनापाशी राहीन?"

"दोन्ही चाव्या तुमच्यापाशीच."

बाई पेटी भरू लागल्या, तसे प्रभाकरराव त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले.