मण्यारीचा फोटो

"आवं पावणं, आजून किती येळ?" दारात काठी घेऊन उभे असलेले नाथाजी म्हणाले. "दिस बुडाय आला."

"जरा दम धरा." सिकंदरला आपलाच आवाज परका वाटला. "डोकं दिसंना झालंय तिचं."

जळणासाठी शेणी-गोवऱ्या रचून ठेवलेल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. नाथाजींच्या पत्नी रंगूबाई दाराशी आरसा धरून उभ्या होत्या, तेवढाच काय तो ढगाळ उजेड आत पडत होता. ढिगाच्या पायथ्याशी मण्यार वेटोळं घालून पडली होती. काळीभोर, अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या आणि डोकं वेटोळ्याखाली. तिच्यापासून दीड हातावर, दोन विटांवर कॅमेरा ठेवून सिकंदर गुडघ्यांवर ओणवा झाला होता.

विश्रामबागेतल्या एका स्टुडिओत तो बारा वर्षं नोकरीला होता. लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढायचा. हा कॅमेरा मालकानं अडगळीत टाकलेला. जवळचं स्पष्ट यावं म्हणून त्यानं भिंगापुढं चष्म्याची काच रबरानं बांधली होती. फ्लॅश एका मेलेल्या मण्यारीवर वापरून पाहिला, तर तुकतुकीत अंगावर नुसती पांढरी चमक उमटली आणि पट्टे गायब झाले. त्यामुळं असेल त्या उजेडात शटर तीन सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढा वेळ साप हलू नये म्हणून श्वास धरून बसायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

फोटो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना हवे होते. लोक पेशंट आणत, पण साप कुठला ते सांगता येत नसे. मारून आणलेल्याचा चेंदामेंदा झालेला असे. म्हणून बाईंना भिंतीवर जिवंत विषारी सापांचे फोटो लावायचे होते. नाग, घोणस, फुरसं मिळालं होतं. मण्यार राहिली होती.

आणि सिकंदरला तीच हवी होती. दोन वर्षांपूर्वी, बहात्तरच्या पावसाळ्यात, त्याची बहीण शकिला पहाटे उठून म्हणाली होती, "भाई, पोटात लय दुखतंय." ना सूज, ना जखम. त्यानं तिला ओवा दिला आणि म्हणाला, "झोप, हुईल बरं." उजाडलं तेव्हा तिला पापण्या उचलता येईनात. दवाखान्याच्या पायरीवर तिचा श्वास थांबला. "मण्यार असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तिचं चावणं कळतसुद्धा नाही." घरात साप कुणी पाहिलाच नव्हता.

आज तो नाथाजींच्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो द्यायला वस्तीवर आला होता; कॅमेरा नेहमीप्रमाणे पिशवीत होताच. तेवढ्यात शेणी काढायला गेलेल्या रंगूबाई ओरडल्या. नाथाजी लष्करातून पेन्शनीत आलेले; त्यांनी काठी उगारली, तो हात सिकंदरनंच धरला. "जित्तीचा एक फटू घिऊ द्या. तिला हितनं जाऊ देणार न्हाई, सबूद देतो."

पलीकडच्या खोलीत तान्हं बाळ रडलं. रंगूबाईंचा हात हलला, उजेड भिंतीवरून सरकून परत आला. मण्यारीनं डोकं बाहेर काढलं.

सिकंदरनं शटर उघडलं. एक. काळा मण्यासारखा डोळा. दोन. पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या. तीन. शटर मिटलं, आणि मण्यार सरसरत शेणींच्या फटीत शिरली.

नाथाजी हळू आवाजात म्हणाले, "भिंतीला भोकं हायती. पल्याड माजी सून, बारा दिसांची बाळंतीण. तुमचा फटू झाला. आता आमी काय करायचं?"

उद्या पहाटे ती पोरगी उठून पोटात दुखतंय म्हणाली तर?

"वैनी, सुनंला आन् बाळाला भाईर अंगणात न्या," सिकंदर रंगूबाईंना म्हणाला. "तुमी कंदील धरा, नाथाजी."

त्यानं एकेक शेणी उचलून दाराबाहेर टाकायला सुरुवात केली. काठीनं ढोसावं तर ढीग कोसळून ती भिंतीत जायची, म्हणून हातानंच. प्रत्येक शेणीखाली बोटं घालताना त्याचे डोळे आपोआप मिटत. नाथाजींनी मध्येच कंदील खाली ठेवला. "सरा, मी काढतो."

"न्हाई. मी सबूद दिलाय."

शेवटच्या थरात ती सापडली. सिकंदर मागं सरला, नाथाजींची काठी दोनदा आपटली. नंतर जे उरलं, ते बघून साप कुठला ते कुणालाही सांगता आलं नसतं.

फोटो एकच नीट आला. शेपटीकडं थोडा हललेला, पण डोकं, डोळा आणि पट्टे स्पष्ट.

वर्षभरानं शाळेच्या फोटोंसाठी त्या बाजूला गेल्यावर तो दवाखान्यात डोकावला. भिंतीवर चारही फोटो होते. मण्यारीचा मात्र मळून काळपट झाला होता, पट्टेही पुसट.

"लोक बोट ठेवून दाखवतात ना, हीच म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवी प्रत द्या एक."

त्यांच्या पेशंटांतले वाचले किती, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाईंना आतून हाक आली आणि त्या गेल्या.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. सिकंदर भिंतीजवळ गेला. हात वर करून त्यानं मण्यारीवरच्या त्या मळक्या डागावर आपलंही बोट टेकवलं.