शांतिखान्यातला अडकित्ता

कट्ट!

बांबूच्या त्या खोलीत आठ-दहा बायका बसलेल्या असत आणि कुणीच काही बोलत नसे, तेव्हा एवढासा हा आवाज होई. सुपारी फुटली की कुणी घसा खाकरे, कुणी मांडीवरचे मूल दुसऱ्या मांडीवर घेई, आणि मग हळूहळू बोलणे सुरू होई. मित्रांनो, तो आवाज माझा. सेनोवारा खालाच्या, म्हणजे सेनोवारा मावशीच्या, कमरेच्या बटव्यात राहणारा मी एक म्हातारा अडकित्ता. माझ्या एका दांडीवर पितळेचा मोर होता. आता त्याची मान तेवढी उरली आहे.

माझा जन्म नदीपलीकडच्या देशातल्या मंगडू गावचा. तिथल्या एका लोहाराने मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले. सेनोवाराच्या आईने मला तिच्या लग्नात दिले. सेनोवाराच्या सासरी सुपारीची बाग होती. दारात आलेल्या माणसाला पान दिल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, अशी रीत. फकीर आला तरी पान, भांडायला शेजारीण आली तरी आधी पान, मग भांडण. माझी धार तेव्हा अशी होती की सुपारीचा कागदासारखा पातळ काप निघे. लोक काप उजेडात धरून बघत आणि म्हणत, “वा! यातून चंद्र दिसेल.” मला फार अभिमान वाटे.

मग गावे जळली. सेनोवारा नेसत्या वस्त्रानिशी निघाली. भांडी राहिली, कोंबड्या राहिल्या, नवराही तिकडच्या मातीतच राहिला. मी कमरेला होतो म्हणून आलो. नाफ नदी ओलांडताना खारे पाणी माझ्या बिजागरीत शिरले. ते कधी पुरते निघालेच नाही.

नदीच्या अलीकडे निर्वासितांच्या छावणीत टेकड्याच टेकड्या, आणि टेकड्यांवर ताडपत्रीची घरे. त्यांच्यामध्ये एक खोली फक्त बायकांची होती. तिला सगळ्या शांतिखाना म्हणत. आत शिवणयंत्रे होती, मेंदी होती, आणि मागे पडदा लावलेला एक कोपरा होता. घरच्या पुरुषांना ठाऊक होते की बायका तिथे शिवण शिकतात. ते खरेच होते. पण काही बायकांच्या घरात त्यांच्यावर हात उठे. ते दुखणे सांगायला जागा कुठे असणार? ताडपत्रीला कान असतात. म्हणून तो कोपरा. सेनोवारा तिथे मदतीला जाऊ लागली आणि तिच्याबरोबर मीही.

तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे. जिला सांगायचे ती आपणहून सांगे. तिथला एक नियम मात्र फार कडक होता. आत जिच्याशी तुम्ही जिवाभावाचे बोललात, ती बाहेर भेटली तर तिला ओळख द्यायची नाही. तिने आधी दिली तर द्यावी, नाहीतर सरळ पुढे जावे.

एका थंडीत चितगावहून लामिया आली. विद्यापीठात शिकणारी मुलगी, काही महिने हे काम शिकायला आलेली. अंगात संस्थेचे निळे जाकीट. तिची बोली आमच्या बोलीच्या सख्ख्या बहिणीसारखी, त्यामुळे बायकांना ती लगेच सापडली चेष्टेला.

“लग्न झालं का गं, आपा?”

“नाही अजून.”

“अगं बाई! या वयात माझी पोरगी भाताला आधण ठेवायला लागली होती.”

“तिला नवरा नको, पदवी पाहिजे,” दुसरी म्हणाली. “बरंय की. पदवी निदान रोज संध्याकाळी जेवायला तरी मागत नाही.”

सेनोवाराने माझ्यात सुपारी धरली आणि तिला तिखट तंबाखूचे पान करून दिले. लामियाने पान तोंडात घातले मात्र, तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. सगळ्या बायका लोळून हसल्या. त्या हसण्यात कधी न हसणारी एक जण पदराआड हसली. तिचे नाव गुलबहार.

उन्हातही गुलबहार लांब बाह्या घाले. तिच्याबरोबर तिची मुलगी असे, तस्मिन. पाच-सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. आई शिवायला बसली की तस्मिन माझ्यापाशी बसून सुपारीच्या सालींची होडी करी आणि लामियाच्या ओढणीवरून ती चालवी. “आपा, हलू नको. समुद्र हलला की होडी बुडते.” आणि लामिया बिचारी पाय आखडले तरी हलत नसे.

एके दिवशी गुलबहारने शिवण बाजूला ठेवले आणि लामियाला म्हणाली, “आत बसू या?” त्या दिवशी पडद्यामागे ती बोलली. नवरा कसा मारतो, सासू कशी दार ओढून घेते. लामियाने तिचे बोलणे तोडले नाही, ‘बिचारी’ म्हटले नाही. नुसते ऐकले. बाहेर आल्यावर खाला लामियाला म्हणाली, “आज शिकलीस तू काम.” लामियाचा चेहरा असा उजळला!

मग शांतिखान्याच्या मोठ्या आपा, म्हणजे तिथल्या प्रमुख, गुलबहारशी बोलल्या. छावणीपासून दूर एक सुरक्षित घर होते. त्याचा पत्ता कुणालाही सांगायचा नसतो. तिथे आईला आणि मुलीला राहता येणार होते. केव्हा जायचे, ते गुलबहारनेच ठरवायचे.

“ईद होऊ दे,” ती म्हणाली. “मग तो मासळी सुकवायच्या कामाला समुद्राकडं जाईल. नेहमीसारखी तस्मिनला घेऊन शिवायला येईन, आणि इथूनच जाईन. पोरीशिवाय मात्र मी पाऊल टाकणार नाही.”

“पोरीसकट,” मोठ्या आपा म्हणाल्या.

ईद चार दिवसांवर आली होती. खाला आणि लामिया नळाजवळून चालल्या होत्या. कळशांची रांग लागली होती आणि तिथे रोजचे भांडण पेटले होते.

“ए, तुझी कळशी इथं झोपायला आलीय का? सरकव!”

“तुझी जीभ लाव ना नळाला, तीच आधी भरेल!”

त्या रांगेत गुलबहार उभी होती. मागे तिची सासू, रहिमा खातून. मित्रांनो, लामियाच्या आईने तिला लहानपणापासून शिकवले होते की ओळखीच्या माणसाला सलाम केल्याशिवाय पुढे जाऊ नये, ते उद्धटपणाचे असते. गेले आठ दिवस गुलबहार आली नव्हती. तिला धड उभी पाहून लामियाला इतका आनंद झाला, की नियमबियम सारे विसरून ती पुढे झाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“गुलबहार! बरी आहेस ना? हात दुखायचा थांबला का?”

गुलबहारचा चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला. “माणूस चुकलं, आपा,” ती म्हणाली. “मी तुम्हाला ओळखत नाही.”

“माणूस चुकलं,” रहिमा मागून म्हणाली, “पण नाव बरं बरोबर सापडलं! आणि तुझा हात दुखतो हे हिला कुणी सांगितलं गं? शिवणाची सुई बोलते वाटतं तिथं?”

रांगेतले भांडण थांबले. सगळ्या बघू लागल्या. खालाने लामियाच्या दंडाला धरले आणि तिला पुढे नेले. शांतिखान्यात आल्यावर तिने दार लोटून घेतले.

“खाला, मी फक्त विचारपूस केली,” लामिया रडवेली होऊन म्हणाली. “ओळखीच्या माणसापासून तोंड फिरवायचं आम्हाला कधी शिकवलंच नाही.”

“तुझ्या आईनं बरोबरच शिकवलं, पोरी. पण ती सलाम करते तेव्हा समोरचीच्या मागं सासू उभी नसते.”

“मी तिच्या घरी जाऊन सासूला सांगते. दुसरीच कुणी समजले म्हणते.”

“बस खाली. आता तिचं घरही दाखव जगाला.”

ती खाली बसली. मोठ्या आपांनाही तिने सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. लामियाला तेच जास्त लागले.

ईद झाली. गुलबहारचा नवरा समुद्राकडे गेला. आणि गुलबहार आली. एकटी.

“तस्मिन?” लामियाने विचारले.

“सासूजवळ. म्हणाली, जा की शिवायला, मी कुठं अडवते? पण शिवायला पोर कशाला लागते? पोर घरात राहील.” गुलबहारने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, पण तो काही जाईना. “तिला सगळं कळलंय, आपा. पोरगी तिच्या मुठीत असली की मी कुठं जात नाही, हेही कळलंय.”

“माझं चुकलं,” लामिया म्हणाली.

“तुम्ही मायेनं बोललात. म्हणून तर कुणावर रागवावं तेच कळत नाही.”

त्यानंतर ती येई ती एकटीच. दर वेळी दाराशी आली की मागे वळून बघे, जणू मुलगी चपला शोधत मागे राहिली आहे. मोठ्या आपांनी वस्तीच्या मुखियाकडे खेपा घातल्या. मुखिया म्हणे, घरातले भांडण घरात मिटू द्या. रहिमालाही एकदा खाला भेटली. रहिमा म्हणाली, “मीही खाल्लाय मार. आमच्या वेळी कुठं होता शांतिखाना? कुणी नेलं मला?” आणि तिने डोळे पुसले. पण पोरीचा हात सोडला नाही.

मासळीचे काम संपले. नवरा परतला. एका दुपारी गुलबहार आली ती भिंतीला धरून. तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी तुम्हाला सांगणार नाही. खालाने तिचे डोके मांडीवर घेतले, तेव्हा मी बटव्यातून तिचा श्वास ऐकत होतो.

“आज दवाखाना,” मोठ्या आपा म्हणाल्या. “आणि तिथून पुढं त्या घरी जायचं की इथं परत यायचं, ते तू सांगायचंस. मी सांगणार नाही.”

“तस्मिन...”

“तिच्यासाठी मी भांडत राहीन. पण आणीनच असं खोटं वचन देणार नाही.”

गुलबहारने मान वळवून दाराकडे बघितले. मग म्हणाली, “मेले तर तिला कुणीच नाही. जगले तर निदान भांडायला आई असेल.” आणि ती गेली. खोलीतल्या बायका कामात मान घालून बसल्या होत्या. एकीच्याही यंत्राचे चाक फिरत नव्हते.

त्या दिवसापासून खालाने पान सोडले. मी बटव्यात तसाच पडून राहिलो. मग पावसाळा आला. ओली हवा, बटव्यातला चुना, आणि बिजागरीत नदीचे जुने मीठ. मी गंजलो. माझी दोन पाती एकमेकांना चिकटली. कौतुकाचे दिवस आठवून मी अंधारात पडून राही.

एके दिवशी लामियानेच मला बाहेर काढले. खोबरेल तेलाचा थेंब बिजागरीत सोडून ती मला उघडत मिटत बसली. तिचे शिकायचे दिवस संपत आले होते. ती मोठ्या आपांना म्हणाली, “मला हे काम जमणार नाही.” मोठ्या आपा म्हणाल्या, “जिला हे सलतं, तिलाच जमतं. विचार कर.” अजून तिने उत्तर दिलेले नाही.

मित्रांनो, मी लोखंडाचा. मला तेलाचा एक थेंब पुरतो. माणसांचे तसे नसते. कुणी विश्वासाने तुम्हाला आपले दुःख सांगितले, तर ते ओंजळीत पाणी धरावे तसे धरा. चांगल्या मनानेही ते सांडते, हे मी पाहिले आहे. ओळखीची एखादी मावशी रस्त्यात मान वळवून निघून गेली, तर तिच्यावर रुसू नका. तिच्यामागे कोण उभे आहे, ते आपल्याला दिसत नसते. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचा हात कुणावर उठत असेल, तर ते पोटात ठेवू नका. ज्यांच्याजवळ तुम्हाला भीती वाटत नाही, अशा मोठ्या माणसाला सांगा. मारणाऱ्याची लाज मार खाणाऱ्याने का बाळगावी?

काल दुपारी दार थोडेसे ढकलले गेले. तस्मिन आत आली. आजीचा डोळा लागला तशी एकटीच टेकडी उतरून आली होती. केस विंचरलेले नव्हते. तिने एकेका यंत्रापाशी जाऊन बघितले, पडदा उचलून आत बघितले, आणि मग लामियाच्या शेजारी येऊन बसली. खालाने दिलेले बिस्किट तिने हातात घेतले, पण खाल्ले नाही.

“आपा, आई इथं येते?”

“आता नाही येत, बाळा.”

“आजी म्हणते, आई मला विसरली.”

“आई कधी विसरत नाही,” लामिया लगेच म्हणाली.

तस्मिनने हे ऐकून घेतले. मग मान वर करून लामियाच्या डोळ्यांत बघत तिने विचारले,

“मग तिनं मला का नाही नेलं?”